पण गेले किती?

आमच्या आळीत सध्या दुसरा विषय नाही. शेजारचे भाऊ आणि वहिनी गोव्याला जाऊन आले, तिथे बोटीवरच्या कॅसिनोत बसून आले, एवढं सगळ्यांना कळलंय. अडलंय ते आकड्यापाशी. किराणावाल्याच्या मते लाख गेले. भिशीतल्या एकीच्या मते पन्नास हजार, पण वर वहिनींची एक पाटली. इस्त्रीवाल्याची तर खात्री आहे की भाऊंनी विहिरीकडचा वाडीचा तुकडा लिहून दिला, कारण परवा कोणीतरी मोजपट्टी घेऊन तिथे उभं होतं. (तो आमचा प्लंबर होता. पण मी कशाला सांगू?)

माझ्या आणि त्यांच्या घरामध्ये तगर आणि जास्वंदीचं कुंपण आहे. मधली एक जास्वंद मेल्यापासून तिथे हात-दीड हाताची फट पडली आहे. विरजणापासून बातम्यांपर्यंत सगळी ने-आण त्या फटीतून होते. त्यामुळे खरा आकडा मला माहीत आहे आणि मी तो दाबून बसले आहे, असा आळीचा समज झालाय.

भाऊ पत्त्यांतले मुरलेले. नोकरी चर्चगेटला, म्हणजे उमेदीची सगळी वर्षं विरार लोकलमध्ये. विरारहून सुटणाऱ्या गाडीत ज्यांना रोज तीच जागा मिळते, त्यांचं एक वेगळंच गणगोत असतं. एका डब्यात भजनी मंडळ, टाळ कुटत अंधेरीपर्यंत. शेजारच्या डब्यात चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ब्रीफकेस, तिच्यावर वर्तमानपत्र आणि वर रमी. भाऊ शेजारच्या डब्यातले. नायगाव सुटलं की पहिला डाव, दादरला हिशेब. पोलीस चढले की पत्ते वर्तमानपत्राखाली आणि चौघेही अग्रलेख वाचायला लागणार.

शिवाय पाडव्याला तीन पत्ती. पंचांगात त्या दिवसाला द्यूतप्रतिपदा म्हणतात, म्हणून भाऊंना शास्त्राचाही आधार. शंकर-पार्वती सोंगट्या खेळायला बसलेत ते जोगेश्वरीच्या लेण्यात दगडात कोरून ठेवलंय, हे ते दर दिवाळीला सांगतात. पार्वती जिंकली होती, हा भाग ते गाळतात. तो वहिनी सांगतात.

तर अशा माणसाला मुलीने लग्नाच्या वाढदिवसाला गोव्याची सहल भेट दिली. वहिनींना वाटलं, मंगेशी, शांतादुर्गा, फार तर म्हाळसा. तिकिटं हातात आली तेव्हा कळलं, की तिसऱ्या दिवशीची संध्याकाळ मांडवी नदीवर आहे. वर मुलीने दोन पाकिटं दिली, दोन्हींत दहा-दहा हजार. पाकिटावर लिहिलं होतं, ‘हे हरायचे पैसे’.

“म्हणजे काय, ताई?” वहिनी मला जायच्या आदल्या दिवशी विचारत होत्या. “हरायचे पैसे वेगळे काढून कोणी देतं का? दहा हजारांत आपल्या मोटारीची वायंडिंग झाली असती.”

गेले मात्र थाटात. पूर्वी आम्हा वसई-विरारकरांना कोकण रेल्वेने जायचं म्हणजे उलटं दादरला नाहीतर पनवेलला जाऊन गाडी धरायची, किंवा गुजरातेतून भरून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीत अंग घुसवायचं. ऑगस्ट २०२४ पासून वांद्रे टर्मिनस ते मडगाव ही आपली अशी गाडी झाली. आठवड्यातून दोन दिवस का होईना, वसई रोडला थांबते. आगाशीहून पहाटे रिक्षा, विरारहून लोकल, वसईला गाडीत बसले आणि भिवंडी यायच्या आत सुकेळ्यांचा डबा उघडला. हे मला कसं माहीत? वहिनींनी फोन केला होता, डबा उघडला म्हणून सांगायला.

आता खरी गोष्ट. आल्यावर दुसऱ्या दिवशी वहिनी फटीपाशी वाल सोलत बसल्या. मी माझ्या बाजूला मेथी घेऊन.

“झालं का दर्शन?”

“झालं. मंगेशीला नारळ ठेवला. मग बोट.”

“कशी आहे हो बोट?”

“बोट कसली, तीन मजली लग्नाचा हॉल आहे. पणजीच्या रस्त्यावरून, तो बांदोडकर मार्ग आहे ना, तिथून छोट्या बोटीने नेतात. मी म्हटलं, आता समुद्र दिसेल, वारा लागेल. कुठलं काय! जहाज आहे तिथेच उभं. नांगर टाकलाय. रात्रभर एक इंच हललं नाही.”

“मग जहाज कशाला?”

याचं उत्तर द्यायला भाऊ पाण्याचा पाइप घेऊन हजर. निवृत्त माणसाला कुंपणापलीकडचं बोलणं दोन घरांवरूनही ऐकू येतं. त्यांनी पाइप जास्वंदीच्या बुंध्याशी सोडला आणि सुरू झाले. गोवा-दमण-दीवचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत नाणी गिळणारी यंत्रं ठेवायची मुभा मिळाली. १९९६ मध्ये आणखी एक दुरुस्ती, तिने पत्ते आणि चाकं यांना परवानगी दिली, पण जहाजावर. म्हणून जमिनीवर यंत्र आणि पाण्यावर माणूस. मांडवीत अशी अर्धा डझन जहाजं ओळीने उभी आहेत. दर निवडणुकीला ती तिथून हलवायची चर्चा होते आणि निवडणूक झाली की जहाजं तिथेच.

“आणि गंमत ऐका,” भाऊ म्हणाले. “आपल्याकडेही कायदा १९७६ चाच. महाराष्ट्राने त्याच साली कॅसिनोचं नियंत्रण आणि कर असा कायदा विधिमंडळात मंजूर केला. पण लागूच केला नाही. सत्तेचाळीस वर्षं फडताळात पडून होता, २०२३ मध्ये रद्द करून टाकला.”

“आणि दमण?” मी विचारलं. आम्हाला दमण जवळचं, वापीला उतरलं की झालं. आळीतली अर्धी पुरुषमंडळी ज्या कारणासाठी दमणला जातात, ते मी इथे लिहीत नाही.

“दमणला हॉटेल बांधलं मोठं, कॅसिनोचा परवाना अडकला. नाहीतर कशाला एवढ्या लांब गेलो असतो?”

वहिनींनी वालाचं एक साल माझ्याकडे टाकलं. म्हणजे हे आत गेले की बोलू.

भाऊ आत गेले नाहीत. कारण त्यांना फाटकावरचा किस्सा सांगायचा होता. गोवेकरांना या कॅसिनोंत प्रवेश नाही; १ फेब्रुवारी २०२० पासून बंदी. त्यामुळे दारात ओळखपत्र बघतात, वय एकवीसच्या वर आहे ना आणि पत्ता गोव्याचा नाही ना. यांच्या पुढच्या रांगेत आपल्या सांडोरकडचं एक जोडपं निघालं, आडनाव परेरा की डिसोझा असलंच काहीतरी. आडनाव ऐकून दारावरचा मुलगा थबकला, त्यांना बाजूला घेतलं. तो गृहस्थ आधार कार्ड नाचवत ओरडतोय, अरे पालघर जिल्हा, वसई तालुका! चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीज घालवले आमच्याकडून, तुमच्याकडे १९६१ पर्यंत होते!

“मग सोडलं?”

“सोडलं. ह्यांनी साक्ष दिली,” वहिनी म्हणाल्या. “वसईचा माणूस आहे म्हणून. जसं काही ते मामलेदारच.”

मला यातली एक गोष्ट फार आवडते. राज्यानेच ठरवलंय की आपल्या माणसांना हे बाधेल, म्हणून त्यांना बंदी. आणि आगाशीच्या माणसाला पायघड्या. पाहुण्याला वाढायचा पदार्थ घरच्यांनी चाखायचा नाही, एवढी शिस्त आजकाल कोण पाळतं? शिवाय जेट्टीपासून जवळच, जुन्या सचिवालयाच्या बाजूला, ॲबे फारियांचा पुतळा आहे. संमोहनविद्येतला मोठा माणूस, जन्माने कांदोळीचा. दोन्ही हात पसरून समोरच्या बाईला संमोहित करतोय असा तो पुतळा. भाऊंनी तिथे वहिनींना उभं करून फोटो काढला. आळीच्या व्हॉट्सॲपवर तो आलाय. त्यात बाई पूर्ण शुद्धीवर दिसते.

आतली व्यवस्था वहिनींनी सविस्तर सांगितली. प्रवेशाचे पैसे मुलीने आधीच भरले होते. त्यात जेवण, पेयं, नाचगाणं आणि थोड्या चिप्स. त्या चिप्स खेळता येतात, मोडून रोख करता येत नाहीत. वहिनींनी आधी सगळं जेवणघर पाहून घेतलं. “कोळंबी होती, ताई. आपल्या अर्नाळ्याची सर नाही, पण होती. मी म्हटलं, हरायच्या आधी वसूल करून घ्यावं.” भाऊंच्या चपला चालल्या नाहीत, मुलीने बॅगेत बूट घातले होते म्हणून बरं.

मग त्या चाकापाशी उभ्या राहिल्या. रूलेट. लोक कोणत्या आकड्यावर ठेवतात, पोरगी गोळी कशी सोडते, हे अर्धा तास पाहिलं. वहिनी शिकल्या आठवीपर्यंत, पण दूध, भाजी, भिशी, गवंडी, सगळ्यांचे हिशेब तोंडी. त्यांनी मला वालाचे दाणे मांडून दाखवलं. “घरं सदतीस. शून्य ते छत्तीस. लागलं की पस्तीसपट देतात आणि तुमचा एक परत. म्हणजे सदतीसही घरांवर एकेक रुपया ठेवला तर गेले सदतीस, आले छत्तीस. दर फेरीला त्यांचा एक रुपया बसल्या जागी. मी कशाला खेळू?” आमचे हे गणिताचे मास्तर होते, आगाशीच्या निम्म्या पोरांना त्यांनी शिकवलंय. मी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, बरोबर आहे, २.७ टक्के. वहिनींना टक्का काढावा लागला नाही.

अंदर-बाहर होतं, तीन पत्ती होती, फ्लश म्हणतात त्याला. भाऊ तिथेच बसले असते तर बरं झालं असतं. पण मुलीने सांगितलं होतं, बाबा, बाकी सगळीकडे तुम्ही कॅसिनोशी खेळता, पोकरमध्ये समोरच्या माणसांशी. हे खरं आहे. पोकरच्या टेबलावर कॅसिनो पत्ते वाटतो आणि प्रत्येक डावातून आपली नाल काढून घेतो. जिंकला कोण, हरला कोण, त्याला सोयरसुतक नाही. भाऊंना ते पटलं. माणसांशी खेळण्यात त्यांची हयात गेलेली. विरार फास्टमध्ये जो बसला, त्याला सुरतेची चार पोरं काय करणार?

इथे आळीतल्या पुरुषमंडळींसाठी थोडं थांबते, कारण परवा कट्ट्यावर पोकर म्हणजे रमीच असं कोणीतरी छातीठोकपणे सांगत होतं. प्रत्येकाला दोन पानं बंद. मग टेबलावर उघडी पानं, आधी तीन, मग एक, मग आणखी एक. ती सगळ्यांची. तुमची दोन आणि ती पाच, यांतून उत्तम पाच जुळवायची. प्रत्येक टप्प्याला बोली. पटत नसेल तर पानं टाकून द्यायची, तोवर लावलेलं गेलं. आधी दोघांनी आळीपाळीने न बघता पैसे घालायचेच असतात, म्हणून कायमचं गप्प बसूनही चालत नाही. एवढंच. नियम पंधरा मिनिटांत येतात.

भाऊंनाही पंधरा मिनिटांत आले. हाच घोटाळा झाला.

वहिनी समोरच्या खुर्चीवर होत्या, त्यांनी सगळं पाहिलं. भाऊंच्या हातात किलवरची दश्शी, चौकटची नव्वी. टेबलावर उघडले इस्पिक गुलाम, इस्पिक अठ्ठी, बदाम तिर्री. भाऊंचे कान लाल झाले. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचे कान समजतात. पुढचं पान इस्पिकची दुर्री. शेवटचं बदाम सत्ती. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम! भाऊंनी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. समोर सुरतेचा पंचविशीतला पोरगा, टोपी उलटी. त्याने एकदा टेबलाकडे पाहिलं आणि तेवढ्याच चिप्स टाकल्या.

“रन!” म्हणून भाऊंनी पानं आपटली. ब्रीफकेसवर आपटावीत तशी.

पोराने सावकाश दोन पानं उलटली. इस्पिक एक्का, इस्पिक पंजी. टेबलावरची तीन इस्पिकं धरून पाचही काळी. कलर.

भाऊ हसले, म्हणाले, बेटा, कलर आहे तुझा, रन मोठी. आणि चिप्स ओढायला हात पुढे केला. पत्ते वाटणाऱ्या मुलीने अदबीने त्यांचा हात अडवला. पोकरमध्ये कलर मोठा, रन लहान.

“मेलेली शांतता, ताई,” वहिनी म्हणाल्या. “मला वाटलं आता हे रेल्वेतल्यासारखे चर्चगेटपर्यंत भांडणार.” भाऊ भांडले नाहीत. उठले, जाकीट नीट केलं आणि नाच चालला होता तिकडे निघून गेले. नाच त्यांनी पाहिला नाही, असं वहिनींचं म्हणणं. नुसते त्या दिशेला बघत होते.

घरी आल्यावर मात्र भाऊंनी हा प्रश्न सोडला नाही. ही सरळ लबाडी आहे, इंग्रजांनी नियम उलटे केलेत, असं त्यांचं मत. शेवटी आमच्या ह्यांनी पेपराच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने मांडून दिलं. तीन पानांच्या डावात एकूण २२,१०० प्रकारचे हात पडू शकतात. त्यांत साधी रन ७२० वेळा, कलर १,०९६ वेळा. रन दुर्मीळ, म्हणून मोठी. पाच पानं घेतली की हात होतात २५,९८,९६०. त्यांत रन १०,२०० आणि कलर ५,१०८. दोन पानं वाढली आणि पारडं फिरलं. आता कलर मिळणं कठीण, म्हणून तो मोठा. इंग्रजांचा काही संबंध नाही.

भाऊंनी ती कड बराच वेळ वाचली. मग ह्यांनी आणखी एक काडी टाकली. तीन पत्तीत तीन सारखी पानं सगळ्यांत मोठी धरतात ना? ती पडतात ५२ प्रकारांनी. एकाच रंगाची रन पडते ४८ प्रकारांनी. हिशेबाने तीच सगळ्यांच्या वर हवी. म्हणजे नियम चुकलाय तो तुमच्या पाडव्याचा. त्यानंतर भाऊ दोन दिवस आमच्याकडे पेपर मागायला आले नाहीत.

आळीचं काय म्हणणं, तेही सांगून टाकते. कोपऱ्यावरचे आप्पा सगळ्यांत चिडलेत. संसारी माणसाने जुगाराच्या बोटीवर जावं म्हणजे काय! हेच आप्पा ऐन तारुण्यात रोज रात्री आकडा लावत. मटका म्हणजे सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते-मिटते भाव. ते यायचे बंद झाले तेव्हा १९६२ मध्ये वरळीत कल्याणजी भगत यांनी आपला मटका सुरू केला, दोन वर्षांनी रतन खत्रींनी आपला. खत्री पत्त्यांच्या जोडातून तीन पानं काढत, त्यांची बेरीज, शेवटचा आकडा, आणि तो आकडा काही वेळात वसईच्या वाड्यांतून पोचलेला असे. केळीच्या घडांचे पैसे दादरच्या बाजारातून घरी यायच्या आधी आकड्यात जिरलेली घरं आमच्या सासूबाई नावानिशी सांगायच्या. त्यात आप्पांचं घर दुसरं की तिसरं असायचं. पण मटका म्हणजे नशीब आणि कॅसिनो म्हणजे माज, असं आप्पांचं शास्त्र. मला वाटतं, आप्पांना पैशापेक्षा बूट खुपतात. आकडा लावायला कधी बूट घालावे लागले नाहीत.

दुसरीकडे माझा भाचा. तो विरारच्या फ्लॅटमध्ये बसून फोनवर पोकर खेळायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैशाचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, तेव्हापासून तो भकास चेहऱ्याने क्रिकेट बघतो. त्याचं म्हणणं, घरात बसून बाराशे रुपये घालवायला बंदी, आणि रेल्वेने जाऊन नदीवर दहा हजार घालवले तर पर्यटन. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, मी चहा टाकला. पण सरकार नदीवरही मोकळं सोडत नाही. चिप्स विकत घ्यायच्या वेळीच जीएसटी. २०२३ च्या ऑक्टोबरपासून २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. जिंकलात तर आयकर वेगळा, सरसकट ३० टक्के. हरलेल्याची वजावट नाही. हे तीस टक्के लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

कारण परवा दुपारी भाऊ पेन्शनच्या कामाला बँकेत गेले आणि वहिनी फटीपाशी आल्या. हातात वाल नव्हते, मेथी नव्हती. रिकाम्या हाताने शेजारीण आली की समजावं, माल मोठा आहे.

“तुम्हाला म्हणून सांगते,” वहिनींनी सुरुवात केली.

भाऊ उठून गेल्यावर वहिनी टेबलावरच होत्या. त्यांच्या पाकिटातले दहा हजार बहुतेक शाबूत, कारण तासभर त्यांनी पानं टाकण्यापलीकडे काही केलं नव्हतं. दोन पानं बघायची, नाक मुरडायचं, टाकायची. टेबलावरच्या पोरांनी त्यांना हिशेबातूनच काढलं होतं. आंटी, जूस लीजिए, असं चाललेलं. तोवर आंटी जूस पीत सगळ्यांची तोंडं वाचत होत्या.

“तो टोपीवाला ना, ताई, पानं चांगली असली की गप्प. ह्यांचे पैसे नेले तेव्हा एक शब्द बोलला नाही. आणि पानं वाईट असली की बडबड. आपली अर्नाळ्याची कोळीण नाही का, ताजं असलं की नुसता भाव सांगते. कालचं असलं की आधी तुमच्या सुनेची चौकशी करते.”

वहिनींकडे नव्वीची जोडी आली. टेबलावर पडली राजा, सत्ती, चव्वी, मग दश्शी, मग दुर्री. राजा आणि दश्शी दोन्ही नव्वीच्या वर. शहाण्या माणसाने इथे टाकावं. टोपीवाल्याने मोठा ढीग पुढे लोटला, वहिनींकडे होतं तेवढं सगळं मागितलं. आणि विचारलं, “आंटी, आप लोग मुंबई से? वसई? वहाँ का किला बहुत अच्छा है ना?”

“किल्ल्याची चौकशी केली हो त्याने!” वहिनींचे डोळे चमकत होते. “मी तिथेच समजले. कालची पापलेटं!”

त्यांनी सगळ्या चिप्स टाकल्या. पोराकडे एक्का आणि राणी. गुलाम आला असता तर रन होती. तो आला नाही. वहिनींच्या दोन मरतुकड्या नव्व्या जिंकल्या. त्या तिथेच उठल्या, खिडकीवर चिप्स मोडल्या आणि नोटा मोजून घेतल्या. साडेएकोणीस हजार.

मी बोटांवर केलं. भाऊंचे गेले दहा. वहिनींना सुटले साडेनऊ. म्हणजे साऱ्या आळीने ज्यासाठी झोप घालवली तो आकडा आहे पाचशे रुपये.

“मग सांगा ना सगळ्यांना! भाऊंना काय वाटलं?”

“ह्यांना माहीत नाही.”

“काय?”

“मी गेले तिकडे, तर हे खांबाला टेकून उभे. चेहरा असा, की तीस वर्षांची रमी कोणीतरी परत मागितली. म्हणाले, तुझे? मी म्हटलं, माझेही गेले. तर एकदम उजळले! म्हणाले, अगं, होतं असं, मनाला लावून घेऊ नकोस. मला समजावत जेवणाकडे घेऊन गेले आणि स्वतः चार गुलाबजाम खाल्ले. एकटे हरले असते तर सावंतवाडीपर्यंत बोलले नसते.”

सावंतवाडीला ते परतीच्या वाटेवर मुक्काम करून आले. तिथे वहिनींनी गंजिफा घेतली, दशावतारी, गोल हाताने रंगवलेली पानं, दहा अवतारांची बारा-बारा मिळून १२०. भाऊंना सांगितलं, मुलीने वेगळे पैसे दिले होते. त्यांनी विश्वास ठेवला. डबा मला दाखवला, मत्स्यावतार तर इतका देखणा की मी बराच वेळ हातातच धरून बसले. खेळायची कशी ते दोघींनाही येत नाही.

“उरलेत त्याचं काय करणार?”

“मोटार.” वहिनी क्षणभर थांबल्या. “पण एक अडचण आहे. तुमच्या सरांनी परवा ह्यांना सांगितलं ना, जिंकलेल्यावर तीस टक्के कर असतो. मी कर बुडवणार नाही हं. पण माझा आयकराचा फॉर्म हेच भरतात.”

मग आमच्या घरी गुप्त बैठक झाली. हे आणि वहिनी. मी चहापुरती. ह्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की यंदाचा वहिनींचा फॉर्म आपण भरू, भाऊंना सांगा की सरांना सराव हवाय. निवृत्त मास्तराला कोणाचाही फॉर्म भरायला दिला तरी आनंदच होतो, त्यामुळे हे कारण भाऊंना पटेल. भाऊंचे दहा हजार वहिनींच्या साडेनऊतून वजा करता येतील का, असंही वहिनींनी विचारून पाहिलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, संसार एक आणि हिशेब दोन, हे सरकारला बरं जमतं.

काल पुन्हा फटीपाशी. भाऊ आतल्या खोलीत टीव्हीला. वहिनींनी पदराखालून पत्त्यांचा साधा जोड काढला.

“बसा. तुम्हाला शिकवते. पुढच्या वर्षी आपण दोघी जाऊ.”

“दोघी? भाऊ?”

“ह्यांना मंगेशीला बसवू.”

पैशाऐवजी चिंचोके. वहिनींनी पानं पिसली, जास्वंदीवरून हात लांबवून मला दोन दिली, स्वतः दोन घेतली. मी माझी पानं पदराआड धरून हळूच वर केली. बदाम राणी आणि किलवरची राणी. मी काही बोलले नाही. श्वाससुद्धा नेहमीसारखा घेतला, असं मला वाटतं.

वहिनींनी आपली पानं न बघताच खाली टाकली.

“टाकलीत का? बघा तरी!”

“कशाला? तुमच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं.” मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, आतून टीव्हीचा आवाज बंद झाला होता. “ताई, एक करा. चार दिवस ह्यांच्या समोर येऊ नका.”